कॅक्टसचं पाणी

त्या रविवारी बाजारात टायरवाल्याकडे कुणी फिरकलं नाही, कोंबडीवालीकडेही नाही. टेक्सासच्या सीमेवरचं ते अख्खं गाव पत्र्याच्या मोठ्या छपराखाली लोटलं होतं. कुणी काठी टेकत आलं होतं, कुणाच्या पायाला पट्टी होती. आणि मंचावर पांढऱ्या हॅटमधले ब्रदर बाल्दोमेरो कॅक्टसच्या हिरव्या पाण्याची बरणी उंच धरून बोलत होते.

"बांधवांनो, डॉक्टर म्हणतो गोड सोडा. मी म्हणतो भीती सोडा. साखर रक्तात नसते, साखर शंकेत असते."

"आमेन," गर्दी म्हणाली.

मागच्या खांबाला टेकून ओफेलियाबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, आणि आता स्वतःची साखर सांभाळता सांभाळता बरीच वर्षं झाली. त्यांचा नवरा कासिमिरो मात्र पहिल्या रांगेत बसला होता. ब्रदरचं पाणी सुरू केल्यापासून त्याने मधुमेहाच्या गोळ्या फडताळात टाकल्या होत्या.

ब्रदरनी नाचो बेकरीवाल्याला वर बोलावलं, त्याच्या हातात पिकलेला आंबा दिला. "सोल आणि खा. बिनधास्त."

नाचोने आंबा खाल्ला, बोटं चाटली. लगेच ब्रदरनी त्याच्या बोटाला सुई टोचली. साखर मोजायच्या यंत्रावर आकडा आला चारशे बारा. गर्दीतून 'अरे देवा' उमटलं. मग नाचो कॅक्टसचं पाणी प्यायला, त्याच पाण्यात त्याने हात धुतले, सगळ्यांनी प्रार्थना केली आणि पुन्हा सुई. एकशे त्रेसष्ट. नाचोची बायको रडायला लागली.

बाईंना पटेना. साखर इतक्या झपाट्याने कोसळली तर माणूस घामाघूम होईल, लटपटेल. हा तर टाळ्या वाजवतोय. आणि दवाखान्यातली नर्स सुई टोचण्याआधी हात धुवायला लावते. इथे आधी आंबा आणि हात धुणं नंतर, हे कसं?

घरी त्यांनी विषय काढला तर कासिमिरो वैतागला.

"तुला देवातसुद्धा खोट दिसते."

"देवात नाही रे. त्या आंब्यात दिसते. आणि तुझ्या मोज्याला रक्त कसलं?"

"बूट चावला असेल. दुखत तर नाही."

"दुखत नाही, त्याचीच मला भीती वाटते. साखरेने पाय बधिर होतो. दवाखान्यात चल."

"ब्रदर म्हणतात, डॉक्टरकडे गेलं की पाण्याचा गुण जातो."

पुढच्या रविवारी बाई स्वतःच मंचावर चढल्या.

"या, मास्तरीणबाई," ब्रदर गोड हसले. "शंका घेऊन आलात, श्रद्धा घेऊन जाल."

बाईंनी आंबा सोलला, दोन्ही हात रसाने माखू दिले. मग सोबत आणलेल्या बाटलीतल्या साध्या पाण्याने, साबण लावून, फक्त उजवा हात धुतला आणि कोरडा केला.

"आता दोन्ही हातांची बोटं टोचा."

ब्रदर अडखळले. "तशी रीत नाही."

"टोचा की, ब्रदर," नाचो खालून म्हणाला. "बघू तरी."

नाइलाज झाला. डावा हात तीनशे अठ्ठ्याऐंशी, उजवा एकशे एक्कावन्न.

आकडे बघायला माणसं पुढे सरकली. ब्रदरनी घसा खाकरला. "उजवा हात देवाचा असतो, बाई."

"मग डावा धुऊ का?" बाईंनी तोही साबणाने धुतला. पुन्हा सुई. एकशे अठ्ठेचाळीस. "कॅक्टसच्या पाण्याचा थेंब मी प्यायले नाही. यंत्र रक्तातली साखर मोजतं, पण बोटाला आंब्याचा रस असेल तर तोही त्यात मिसळतो. पहिला आकडा रसाचा होता, दुसरा माझ्या रक्ताचा. पाण्याने साखर उतरली नाही, हात स्वच्छ झाले, एवढंच."

नाचो उठला, नळावर गेला आणि खसाखसा हात धुऊ लागला. त्याच्यामागे रांग लागली. ब्रदर बरण्या गाडीत भरत होते, त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं.

कासिमिरो जागचा हलला नव्हता. बाई शेजारी जाऊन बसल्या. तो खाली बघत म्हणाला,

"पायाचा अंगठा काळा पडलाय. चार दिवस लपवतोय तुझ्यापासून."

"चल."

दवाखान्यात जखम साफ झाली, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. अंगठा वाचला, आठवडाभर उशीर झाला असता तर वाचला नसता, असं डॉक्टरीण म्हणाली. परतताना त्याने विचारलं, "मग कॅक्टस खायचाच नाही?"

"खा की. अंड्यात परतून देते. पण भाजी म्हणून खायचा, गोळीऐवजी नाही."

साखरेशी संसार कंटाळवाणा असतो. मोजून जेवणं, चालणं, वेळेवर गोळी, रोज तळपाय निरखणं. यात टाळ्या वाजण्यासारखं काही नाही. म्हणूनच टाळ्या घेणाऱ्यांचं फावतं. तेव्हा कुणी तुमच्यासमोर चमत्कार मांडला तर भांडू नका, हात जोडू नका. आधी ते हात धुवा, आणि मग मोजा.