काढ्याचा गुण

अण्णांना नाही म्हणणं आळीत कुणालाच जमत नसे, आणि साऱ्या घोळाचं मूळ तिथेच होतं. पोस्टातून निवृत्त झाल्या झाल्या अण्णांनी आळीच्या तब्येतीचा ताबा घेतला. भिवंडीत तेव्हा ज्याला जागा सापडेल तो कापडाचा लूम टाकत होता. दिवसरात्र खडखड, हवेत कापसाची भुकटी, आणि पोरं बारा महिने खोकत. अण्णांचं म्हणणं, भुकटी काही आपल्या हातात नाही, तेव्हा आपली प्रतिकारशक्ती वाढवा. उजाडायच्या आत उठा, हळद-मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा, नाकात तिळाचं तेल सोडा, रात्रीचं दही बंद करा आणि सकाळी उपाशीपोटी काढा घ्या. हे सगळं ते स्वतः करत आणि पासष्टीतही ताठ चालत, त्यामुळे वाद घालायची सोय नव्हती.

काढाही तेच करायचे. गुळवेल, अडुळसा, तुळस, सुंठ, ज्येष्ठमध. दिघाशीचा राघो भाजीच्या पाटीतून गुळवेल आणायचा आणि ओटीवर टाकताना दर खेपेला बजावायचा, "आण्णा, कडूलिंबावरची हाय बरं का, आंब्यावरची न्हाय." सकाळी पातेलं ओटीवर यायचं आणि आळीतल्या बायका पेले घेऊन जमायच्या. आता एवढा म्हातारा माणूस पहाटेपासून चुलीशी बसून, एक पैसा न घेता देतो म्हटल्यावर कोण तोंड वाकडं करणार? पेला भरून घ्यायचा, "काय सुंदर वास येतोय" म्हणायचं आणि घरी जायचं. पुढे तो कुणाच्या पोटात जायचा आणि कुणाच्या मोरीत, हे त्या त्या घरालाच ठाऊक.

सुमतीच्या घरी तो मोरीत जायचा.

सुमती अण्णांच्या शेजारच्याच घरात राहायची. नवरा प्रभाकर नगरपालिकेत कारकून, मुलगा अनंता दुसरीत, आणि लग्नाला आलेली नणंद गोदू. अनंता मुळातच किरकोळ. वारा लागला तरी सर्दी आणि सर्दी झाली की छाती भरलेली. त्यात एका हिवाळ्यात त्याला रोज संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला, जेवण तुटलं, बरगड्या मोजता येऊ लागल्या. प्रभाकरनं त्याला मुद्दाम कल्याणच्या डॉक्टरकडे नेलं, इथे कुणी बघायला नको म्हणून. डॉक्टर म्हणाले, "प्रायमरी आहे. लहान मुलांचा क्षयच तो, पण घाबरू नका. या गोळ्या नेमानं द्या. पोरगं बरं दिसायला लागलं तरी मी सांगेपर्यंत थांबवायच्या नाहीत."

क्षय म्हटल्यावर प्रभाकरला आधी गोदूचं लग्न दिसलं. गोदूला कल्याणचंच स्थळ आलं होतं, बोलणी होत आली होती. "आळीत कुणाला कळता कामा नये," त्यानं सुमतीला बजावलं. "क्षयाच्या घरातली मुलगी कोण करील?" तेव्हा गोळ्या पोह्यांच्या डब्यात गेल्या, आणि एका औषधावर दुसरं नको म्हणून काढा मोरीत. अण्णांना मात्र सांगितलं नाही. ओटीवर जाऊन पेला भरून आणायचा आणि दार लोटून घेऊन ओतायचा, हा तिचा रोजचा नेम झाला.

गोळ्यांनी आपलं काम केलं. चार-पाच महिन्यांत अनंताचे गाल वर आले, पोरगं भूक भूक करायला लागलं. बायका विचारू लागल्या, "काय गं, काय खायला घालतेस याला?" पहिल्यांदा सुमती अडखळली. मग तिच्या तोंडून निघून गेलं, "अण्णांच्या काढ्याचा गुण, दुसरं काय!" बायका खूश, अण्णा तर विचारूच नका. आणि सुमतीची सुटका. पुढे पुढे ती त्यात भरही घालायला लागली. गुळण्या कशा करवून घेते, तेल कसं चोळते, पहाटे कसा उठवते. पोरगं आठ वाजेपर्यंत लोळत पडलेलं असायचं.

एकदा अण्णांनी तिला ओटीवर थांबवून घेतलं. त्यांची सून अनसूया उंबऱ्यात उभी होती.

"सुमती, खरं सांग हं. अनंताला माझ्या काढ्याशिवाय दुसरं काही चालू होतं का? डॉक्टरी काही?"

"छे हो अण्णा. तुमचाच काढा."

अण्णांनी सुनेकडे बघितलं, सुनेनं मान डोलावली आणि आत गेली. सुमतीला वाटलं, म्हाताऱ्याला कौतुक ऐकायची हौस आली असेल. ऐकवलं तिनं. तिचं काय जात होतं!

थोड्याच दिवसांनी नळावर अनसूया भेटली. अनसूयाचा नवरा नोकरीनिमित्त नाशकात, इथे ती, सासरे आणि सहा वर्षांची मुलगी चंद्रा. चंद्रा हल्ली दिसत नव्हती म्हणून सुमतीनं सहज विचारलं, "चंद्रा कशी आहे गं?"

अनसूयानं इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "तुम्हाला म्हणून सांगते ताई. तिला ती प्रायमरी निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, पण पोरीला त्या गिळवत नव्हत्या, ओकायची. मामंजी म्हणाले, अनंताला अगदी अस्संच झालं होतं, तो नुसत्या काढ्यावर उठला, मग हिला कशाला हे विष? आम्ही तुम्हाला विचारून खात्रीसुद्धा करून घेतली ना त्या दिवशी. गोळ्या बंद करून टाकल्या बघा. तुमचे फार उपकार झाले."

सुमतीची घागर भरून वाहायला लागली तरी तिला कळलं नाही. मागची बाई ओरडली तेव्हा तिनं ती उचलली. घरी येऊन ती स्वयंपाकघरात नुसती बसून राहिली. आपण काय केलं हे तिला लख्ख कळत होतं. त्याच पावली शेजारी जायचं आणि सांगायचं, की गोळ्या आत्ताच्या आत्ता सुरू करा. दहा पावलांचं अंतर. पण सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं, क्षय, पोह्यांचा डबा आणि मोरी. तिला इतकी लाज वाटली, की ती उठलीच नाही.

संध्याकाळी जेवायला वाढताना तिनं प्रभाकरला सांगितलं. गोदू ऐकत नाही ना, हे त्यानं आधी पाहिलं. मग म्हणाला, "साखरपुडा होऊन जाऊ दे. मग बघू."

"अहो, पण पोरीचं काय?"

"त्यांना डॉक्टर आहे ना? तो सांगेल."

सुमतीला हे पटलं नाही. पण तिला थांबायला कारण हवं होतं, ते मिळालं. मग तिनं आडून आडून प्रयत्न केले, जे भित्री माणसं करतात. नळावर अनसूयाला म्हणाली, "गोळ्या मधात कालवून बघ ना." अनसूया म्हणाली, "पण तुम्ही कुठे दिल्या होत्यात?" दुसऱ्या दिवशी म्हणाली, "एकदा डॉक्टरांना दाखवून तरी ये." अनसूया म्हणाली, "मामंजींना आवडायचं नाही." त्यापुढे सुमतीची जीभ रेटेना. रोज ती फक्त विचारायची, चंद्रा कशी आहे. आणि अनसूया रोज सांगायची, आज ताप जरा जास्त वाटला, आज काही खाल्लं नाही, आज खोकून खोकून झोपली नाही. घरी आलं की अनंता धावत येऊन पायाला मिठी मारायचा. त्याच्या गुबगुबीत दंडाला हात लागला की सुमतीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तरी ती रोज पोह्यांच्या डब्यातून गोळी काढून त्याला द्यायची आणि पाणी पाजायची.

एका सकाळी ती पेला घेऊन गेली तेव्हा ओटीवर समोरच्या घरातल्या आनंदीबाई नातीला घेऊन आल्या होत्या, आणि आणखी तीन-चार बायका होत्या. आतून चंद्राचा खोकला ऐकू येत होता. नुसता खोकला नव्हे, खोकला सरला की पोर कण्हत होती. आनंदीबाई म्हणाल्या, "अण्णा, पोरीला दाखवा हो कुणाला तरी. बरं लक्षण नाही हे."

अण्णांचा चेहरा उतरलेला होता. पण त्यांनी पळी सोडली नाही. "काढा अंगी लागायला वेळ लागतो," ते म्हणाले. "अनंताला तरी काय लगेच गुण आला होता? काय गं सुमती? सांग यांना."

सगळ्या बायका तिच्याकडे बघायला लागल्या. रोजचं वाक्य तिच्या ओठांवर तयार होतं. आत पोर पुन्हा खोकायला लागली.

"अण्णा, अनंताला क्षय झाला होता," सुमती म्हणाली. "कल्याणच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. अजून आहेत. तो गोळ्यांनी उठला."

आनंदीबाईंनी आपल्या नातीला हात धरून मागे ओढलं. बाकीच्या आपापल्या पेल्यांत बघत राहिल्या.

"आणि काढा?" अण्णांनी विचारलं.

"ओतून टाकत होते. मोरीत."

अण्णांनी पळी पातेल्यात ठेवली. "मी तुला विचारलं होतं गं," ते म्हणाले. "सरळ विचारलं होतं."

"हो."

म्हाताऱ्यानं तिला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते भिंतीला टेकून खाली बसले. "काढ्यानं अंगात ताकद येते, हे मी उद्याही सांगेन," ते पुटपुटले. "पण गोळ्या बंद करा, असं मला कुणी सांगितलं होतं? मला काढ्याचं कौतुक हवं होतं. तू ते केलंस, आणि मी नातीच्या तोंडातलं औषध काढून घेतलं." एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं, बायकांना आपले डोळे दिसू नयेत म्हणून.

अनसूया उंबऱ्यात येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"ताई, आम्ही गोळ्या बंद केल्या हे तुम्हाला कधी कळलं?"

"नळावर. तूच सांगितलंस तेव्हा."

अनसूयानं मनाशी हिशोब केला असावा. तिचा आवाज चढला नाही. "त्यानंतर रोज तुम्ही मला विचारत होता," ती म्हणाली. "चंद्रा कशी आहे म्हणून. रोज."

सुमतीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण ओटी शेणानं सारवलेली, घट्ट होती, आणि तिला तिथेच उभं राहावं लागलं.

त्याच दिवशी चंद्राला डॉक्टरकडे नेलं. आजार छातीत पसरला होता. आता नुसत्या गोळ्यांवर भागणार नव्हतं, रोज सुईही घ्यावी लागणार होती. दवाखाना बाजाराच्या टोकाला, अण्णांच्या अंगातलं बळ तर त्या सकाळीच गेलं होतं, आणि त्यांना एकटं टाकून अनसूयाला रोज निघता येईना. सुमती दारात जाऊन म्हणाली, "मी नेत जाईन तिला." अण्णा नको म्हणत होते. अनसूयानं त्यांना थांबवलं.

"नेऊ द्या मामंजी. पण मागच्या बोळातून नाही न्यायची. आळीतून न्यायची, सगळ्यांच्या दारावरून."

तशीच नेली तिनं. आळीला सगळं ठाऊक होतं, तरी आळी ती आळी. दारादारातून प्रश्न यायचा, "कुठे निघालीस गं?" आणि सुमती सांगायची, "क्षयाची सुई द्यायला." पहिल्या दिवशी तिच्या तोंडून शब्द फुटेना, चंद्रानंच सांगून टाकलं. कल्याणकडून गोदूच्या स्थळाचं उत्तर आलं नाही. गोदू खोलीबाहेर येईना, आणि प्रभाकर बायकोशी बोलेनासा झाला. सुमतीला त्याचा राग आला नाही. राग यायला आपण कुठे तरी बरोबर असावं लागतं.

एके दिवशी परतताना चंद्रा दंड चोळत चालली होती. डोळे पुसून झाल्यावर तिनं विचारलं, "काकू, अनंतालापण एवढी दुखायची सुई?"

हो म्हटलं असतं तर पोरीला धीर आला असता. एवढं खोटं कुणालाही माफ होतं.

"नाही गं," सुमती म्हणाली. "त्याला सुया घ्याव्या लागल्याच नाहीत. त्याच्या गोळ्या कधी चुकल्या नव्हत्या."

चंद्रानं दंड चोळायचं थांबवून तिचं बोट धरलं.

"मग माझ्या कुणी चुकवल्या?"

"मी," सुमती म्हणाली.

चंद्रानं मान वर करून तिच्याकडे बघितलं. पण बोट सोडलं नाही. पुढे कापडाच्या गाठी भरलेल्या ट्रकांचा रस्ता ओलांडायचा होता, आणि तिच्याबरोबर दुसरं कुणीच नव्हतं.