धुतलेली चकती

इराकमधल्या बसऱ्याबाहेर, तेलविहिरींच्या ज्वाळांखाली वसलेल्या गावात डॉ. इब्तिहालने उम्म काझिम नावाच्या म्हातारीच्या गच्चीवर हवा तपासायचं यंत्र ठेवलं होतं. महिनाभर हवा ओढून आतल्या गाळणीची पांढरी चकती काळी झाली, की ती नेऊन तेलकंपनीच्या साहेबांच्या टेबलावर आपटायची, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. "हवेत काही नाही" म्हणणाऱ्यांची तोंडं तिला एकदाची बंद करायची होती.

आज तिने यंत्र उघडलं, तर चकती दुधासारखी पांढरी.

"खाला, हिला कुणी हात लावला?"

"मीच धुतली की!" उम्म काझिमने वेलदोड्याचा चहा पुढे केला. "पाहुण्याची वस्तू काळीकुट्ट करून परत द्यायची? लोक म्हणतील, हिच्या घरात झाडू फिरत नाही."

इब्तिहालचं डोकं भडकलं, पण म्हातारीच्या तोंडाकडे बघून तिने राग चहाबरोबर गिळला. आतल्या खोलीत उम्म काझिमचा नवरा खोकत होता. खोकला थांबेचना.

म्हातारी दाराकडे बघत हळूच म्हणाली, "पोरी, तुझी चकती साबणाने लगेच निघाली. ह्यांच्या रुमालावरचं काळं मात्र कशानेच निघत नाही बघ."