काचेच्या टाकीतली ताल

१३ जानेवारी १९७६, सकाळी दहाची वेळ. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत समुद्राच्या पाण्याने भरलेली काचेची टाकी फुटली. दोन मासे मेले. एका गवंड्याचा उजवा अंगठा चिरला गेला. मित्रांनो, त्या टाकीतला सर्वांत खालचा दगड मी होतो.

मी एक जुना, भोकाभोकांचा समुद्री दगड आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर लाटांनी मला झिजवले. माझ्या भोकांत खेकडे आणि किडे राहत. एका बिळात दांडग्या जातीची एक कोळंबी राही. तिचे पुढचे पाय मुठींसारखे. एका ठोशात ती शिंपला फोडी. या रहिवाशांमुळेच मला जिवंत दगड म्हणतात.

संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेला येणाऱ्या मुलांना समुद्र दाखवावा म्हणून टाकीचे मालक सिद्धाराम यांनी मला ओल्या गोणपाटात गुंडाळून आणले. टाकीत दगड रचायला सांगोल्याकडचे गवंडी धुळाप्पा आले. त्यांनी शेतात बांधलेल्या ताली, म्हणजे दगडी बांध, कधी ढासळल्या नव्हत्या. दगड नीट बसला की नाही, हे ते अंगठ्याने दाबून ओळखत.

"मधे फटी राहू द्या, पाणी खेळलं पाहिजे," सिद्धाराम म्हणाले.

"फट ठिवली की ताल फुटती, मालक. तुमी मासं सांबाळा, दगडाचं मी बगतो की."

सिद्धारामांची आई चंद्रव्वा हसली. "समुद्राला बांध घालतोय बघा हा!"

धुळाप्पांनी प्रत्येक फटीत दगडाची चीप ठोकली. भिंत देखणी झाली. पेठेतले लोक बघून वाहवा करून गेले. माझ्या आत मात्र पाणी फिरेना. किडे गुदमरून मेले आणि सडले. बिळातून बाहेर पडलेले खेकडे एकमेकांच्या नांग्या तोडू लागले. कोळंबीने एका माशाचे डोके फोडले. पाण्याला घाण सुटली.

"धुळाप्पा, चिपा काढा. आत सगळं मरतंय," सिद्धाराम म्हणाले.

"दगुड बी मरतो व्हय?" म्हणत धुळाप्पांनी हात घातला आणि माझ्या बिळाच्या तोंडाशी ठोकलेली चीप उपसली. बिळातून ठोसा आला. अंगठ्याचे हाड मोडले. त्यांनी हात झटकला, भिंत कलली, वरचे दगड काचेवर गेले. फुटलेल्या काचेने तोच अंगठा आणखी चिरला. दोन मासे फरशीवर तडफडून मेले. चंद्रव्वाने पदर फाडून अंगठा बांधला.

मित्रांनो, कुणाचे घर रचाल तर आत राहणारा श्वास कुठून घेतो, ते आधी बघा.

सध्या मी घमेल्यात उरलेल्या पाण्यात आहे. काल माझ्या बिळातून कोळंबीचा एक ठोका आला, नंतर आला नाही. आज चंद्रव्वा धुळाप्पांना बघून दवाखान्यातून परतली.

"काय म्हणतायत ते?" सिद्धारामांनी विचारले.

"दवाखान्याच्या भिंतीवर हात ठेवून बसलाय. म्हणतो, 'ह्यी कुनी बांदली? दगुड हालतोय का अंगठ्याला कळंना.'"

अंगठ्याला घातलेले टाके अजून काढलेले नाहीत. अंगठा अजून वाकत नाही.