पहिली बास्केट पडेपर्यंत

न्यायाशिवाय समाज टिकत नाही, हे टॅलमन गावाला कुणी शिकवायची गरज पडली नाही. आमच्याकडे न्यायदानाचं काम दर सोमवारी सकाळी लोरेटाच्या हॉटेलात खिडकीजवळच्या टेबलावर चालतं, आणि त्या हिवाळ्यात आरोपी एकच होता: टॅलमन कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचा कोच ब्रेंट लॉकरिज. अर्थात आम्हाला न्याय वगैरे काही नको होता. आम्हाला लॉकरिजचं तोंड भर मैदानात, शक्यतो त्याच्या बायकोसमोर, काळं झालेलं बघायचं होतं.

टेबलावर आम्ही तिघं. डेल केसिंजर, ज्यानं उभी हयात गावातलं धान्याचं कोठार सांभाळलं आणि निवृत्त झाल्यावर तेवढ्याच निष्ठेनं वैर सांभाळायला घेतलं. मार्लीन अटरबॅक, मेथडिस्ट चर्चमध्ये ऑर्गन वाजवते आणि प्रार्थना संपल्याबरोबर कुणाबद्दलही काहीही बोलू शकते. आणि मी. मी हायस्कूलमध्ये नागरिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे जमावाच्या मनात आलेल्या गोष्टीला सभ्य शब्द शोधून देणं माझ्याकडे.

"बचावाला झोन लावतो गाढव," डेल म्हणाला. आदल्या शनिवारी आम्ही एका दंतवैद्यकीय कॉलेजाकडून हरलो होतो. "समोरची पोरं लांबून आरामात बॉल टाकतायत, आणि आपली मधे कोंडाळं करून उभी. शेकोटी पेटवलीय जणू."

"झोन वाईट नाहीये," मार्लीन म्हणाली. "झोनमधली पोरं वाईट आहेत."

"पोरं आणली कुणी?"

"लॉकरिजनं."

"मग झालं तर!"

"तो इलिनॉयहून आणलेला बांबू बघितलास?" मी म्हणालो. "फ्री थ्रो टाकायच्या आधी डोळे मिटतो."

"नंतरही उघडत नसावा," मार्लीन म्हणाली.

"कोल्बीचे फ्री थ्रो चुकत नाहीत," डेल म्हणाला, आणि आम्ही दोघांनी कॉफीत साखर ढवळायला घेतली. बचावाची चर्चा असो, हल्ल्याची असो, नाही तर सामने होतात त्या जिमच्या गळक्या छताची, डेलची गाडी शेवटी कोल्बीपाशी येऊन थांबायची.

कोल्बी म्हणजे डेलचा नातू. आई कामासाठी ओहायोला गेली तेव्हापासून आजोबांकडेच वाढलेला. डेलनं त्याच्यासाठी गोठ्याच्या भिंतीवर रिंग ठोकली होती, आणि थंडीत बॉल दगडासारखा व्हायचा म्हणून तो रात्री चुलीजवळ ठेवायचा. पोरगा टॅलमनच्या टीममध्ये गेला, त्या दिवशी डेलनं लोरेटाच्या हॉटेलात सगळ्यांना अ‍ॅपल पाय खाऊ घातला. पुढे चार वर्षं कोल्बी बाकावर बसला. नियमित सराव, स्वच्छ गणवेश, आणि जे खेळत होते त्यांना टॉवेल देणे. वीस-पंचवीस गुणांनी हरायची खात्री झाली की लॉकरिज त्याला आत पाठवायचा, आणि त्याला घाम यायच्या आत सामना संपायचा.

एवढंही डेलनं गिळलं असतं. पण शेवटचा घरचा सामना आला होता. चौथ्या वर्षाच्या पोरांचा तो निरोपाचा सामना. त्या दिवशी त्यांच्या आयांना फूल देतात, आणि पोरगा कितीही कच्चा असो, त्याला सुरुवातीच्या पाचांत खेळवतात. इंडियानातलं कुठलंही कॉलेज हे पाळतं. लॉकरिजनं मात्र गेल्या वर्षी पाळलं नव्हतं. "आपल्याला अजून स्पर्धेत जायची संधी आहे," असं सांगून त्यानं चौथ्या वर्षाच्या पोरांना बसवून ठेवलं, नेहमीचे पाच उतरवले, आणि मग नेहमीसारखा हरला.

"यंदाही तेच करणार तो," डेल म्हणाला. "माझी पोरगी ओहायोहून येणार, हातात फूल घेऊन उभी राहणार, आणि कोल्बी टॉवेलांच्या घड्या घालत बसणार. त्याआधी मी त्या माणसाचं नाक कापणार आहे."

"कसं?" मी विचारलं.

डेलनं काटा खाली ठेवला. "आपण बसायचं."

मार्लीनचा कप तोंडाशीच थांबला.

हे किती भयंकर होतं, ते टॅलमनबाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्या जिममध्ये सामना सुरू झाला की सगळे उभे राहतात आणि आपल्या टीमची पहिली बास्केट पडेपर्यंत बसत नाहीत. ती पडली की लाकडी घडीच्या खुर्च्यांचा एकदम खाड् असा आवाज होतो. पूर आला त्या वर्षी लोक घोटाभर पाण्यात उभे होते. लॉकरिज आल्यापासून हा रिवाज म्हणजे शारीरिक छळ झाला होता, कारण आमची पहिली बास्केट पडेपर्यंत निम्म्या गावाच्या बदललेल्या गुडघ्यांना मुंग्या यायच्या. तरी बसलं कुणी नव्हतं. बास्केटच्या आधी बसणं म्हणजे तुम्ही आमचे कुणी नाही, असं तोंडावर सांगणं.

"सगळा सी विभाग," डेल म्हणाला. सी विभाग म्हणजे बरोबर आमच्या बाकामागच्या रांगा, आणि तिथे सगळे आमचेच. "बॉल आपल्या हातात आला की मी टोपी काढणार. टोपी निघाली की सगळ्यांनी धाडकन खाली. हाताची घडी. कॉलेजचे अध्यक्ष समोरच बसतात, टीव्हीवालेही येणार. बघू दे सगळ्यांना."

"हा शांततामय निषेध ठरतो," मी म्हणालो. माझं काम मी केलं.

"माझे गुडघे आजपासूनच बसायला तयार आहेत," मार्लीन म्हणाली.

आठवडाभर आम्ही बातमी पसरवली. मार्लीननं गायकवृंदात सांगितलं, मी न्हाव्याच्या दुकानात. इतके दिवस लॉकरिजला शिव्या देऊन थकलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर तेज आलं. दवाखान्यातली नर्स मला रस्त्यात थांबवून म्हणाली, "मी बसताना त्याच्याकडे बघितलं तर चालेल ना?" मी म्हणालो, बघायलाच हवं.

गुरुवारी लॉकरिज स्वतः लोरेटाकडे अ‍ॅपल पाय न्यायला आला. चांगला उंच माणूस, हरल्यावरही च्युइंगम चघळत हसणारा, आणि हे हसणंच त्याच्यावरच्या आरोपांत पहिलं होतं. त्यानं टोपीला हात लावला. "मिस्टर केसिंजर, शनिवारी येताय ना?"

"येणार," डेल म्हणाला. "न येऊन कसं चालेल?"

"पोरांना बरं वाटतं तुम्ही मागे असलात की."

"आम्ही मागेच असणार."

लॉकरिज गेला. डेलनं दाराकडे हनुवटी उडवली. "ऐकलंस? पोरांना बरं वाटतं म्हणे. शनिवारी बघतोच, ह्याला कसं वाटतं ते."

शनिवारी दुपारी जिम भरली. इतकी गर्दी गेल्या दोन मोसमांत झाली नव्हती. माणसं जिंकणं बघायला येत नाहीत, पण सूड म्हटलं की शेजारच्या जिल्ह्यातूनही येतात. डेलची मुलगी फूल घेऊन मैदानाच्या कडेला उभी होती आणि अजून रडत नव्हती. सी विभागात आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो, इतकं सगळ्यांना माहीत होतं.

मग निवेदकानं सुरुवातीचे पाच वाचले. चौथं नाव कोल्बी केसिंजर.

डेलची मुलगी रडायला लागली. डेल माझ्याकडे वळला. मी त्याला इतकी वर्षं ओळखतो, पण तो आनंदी झाल्यावर कसा दिसतो हे मला माहीत नव्हतं. आजारी दिसतो.

"रद्द," तो कुजबुजला. "सगळं रद्द. सांग सगळ्यांना."

"सगळ्यांना?" मार्लीन म्हणाली. "डेल, वरच्या रांगेत शेल्बी जिल्ह्यातली माणसं आहेत. मी त्यांना ओळखतही नाही. आणि का रद्द? त्यानं मोसमभर आपल्याला उभं ठेवलं ते काय माफ?"

"माझा नातू खेळतोय!"

"मग तू उभा राहा. माझा कुणी खेळत नाहीये."

"मार्लीन, हात जोडतो."

"बरं बाबा. टोपी काढू नकोस म्हणजे झालं. टोपीच निघाली नाही तर कोण बसतंय?"

डेलनं टोपी दोन्ही हातांनी कानापर्यंत ओढली. तेवढ्यात पंचानं बॉल वर उडवला. इलिनॉयच्या बांबूनं जन्मात पहिल्यांदा तो जिंकला आणि मागे टोलवला. बॉल आमच्या एका पोराकडे आला, आणि पलीकडे, कोपऱ्यात, आमच्याच बाकासमोर, कोल्बी मोकळा उभा होता. एकदम मोकळा. आसपास कुणी नाही. गोठ्याच्या भिंतीसमोर उभा असावा तसा.

"इकडे! कोल्बीकडे!" डेल ओरडला. "दे त्याला!" आणि त्यानं टोपी काढून हवेत फिरवली.

सी विभाग बसला.

मी पुष्कळ निषेध शिकवले आहेत, पण इतका शिस्तबद्ध पाहिला नव्हता. शंभरएक खुर्च्या एका क्षणी आपटल्या आणि खाड् असा आवाज कोल्बीच्या पाठीवर जाऊन आदळला. आता, कोल्बी चार वर्षं त्या खुर्च्यांच्या पुढ्यातच बसला होता. तो आवाज म्हणजे बास्केट पडली, आता बचावाला पळा, हे त्याच्या हाडात मुरलं होतं. बॉल त्याच्याकडे निघाला होता. कोल्बी वळला आणि जिवाच्या आकांतानं उलट्या बाजूला पळत सुटला.

तो जिथे उभा होता तिथून बॉल गेला, बाकावरून उसळला आणि लॉकरिजच्या पाण्याच्या बाटल्यांत शिरला. बॉल समोरच्यांना मिळाला. त्यांनी थेट जाऊन बास्केट टाकली. लॉकरिजनं हात वर केला, बदली झाली, आणि कोल्बी येऊन बाकावर आपल्या जागी बसला. शेजारच्यानं त्याला टॉवेल दिला.

सी विभागात फक्त एक माणूस उभा होता, हातात टोपी घेऊन.

"बस ना आता," मार्लीन म्हणाली. "मागच्यांना दिसत नाहीये."

डेल बसला नाही. आमची पहिली बास्केट पडायला बराच वेळ लागला, तोवर तो उभाच होता. पडली तेव्हाही बसला नाही. मध्यंतरात मुलीनं पाणी आणून दिलं ते तो उभ्यानंच प्यायला.

सामना संपल्यावर तो गाड्यांच्या तळावर खेळाडूंच्या दारासमोर जाऊन उभा राहिला. आम्ही दोघं मागे, माणूस हात उगारेल तर धरायला. म्हणजे मी धरायला आणि मार्लीन बघायला. दार उघडलं आणि लॉकरिज व कोल्बी एकत्र बाहेर आले. दोघंही हसत होते.

"मिस्टर केसिंजर," लॉकरिज म्हणाला, "मी पोराला सांगत होतो, बचावाला परतायचा इतका वेग मी आख्ख्या मोसमात कुणाचा पाहिला नाही." आणि तो आपल्या गाडीकडे गेला.

"हसतोय," डेल म्हणाला. "बघितलंस? तुला मिनिटभरात बाहेर काढलं आणि वर हसतोय."

"आजोबा, मीच खूण केली काढा म्हणून. मला काही सुधरतच नव्हतं." कोल्बीनं बॅग खांद्यावर सरकवली. "पण तुम्ही सगळे बसलात का?"

"मी उभा होतो."

"हो, तुम्ही उभे होतात, ते दिसलं मला. पण बाकीच्यांना कुणी बसवलं?"

मार्लीन आकाशात बर्फाची चिन्हं शोधू लागली. मी माझी किल्ली शोधू लागलो, जी माझ्या हातात होती.

"लॉकरिजनं," डेल म्हणाला.

कोल्बीनं आजोबांकडे बघितलं, मग त्यांच्या टोपीकडे. आईच्या गाडीत जाऊन बसला. फूल मागच्या काचेत दिसत होतं.

सोमवारी सकाळी डेल नेहमीच्या वेळेला आला. डोळे सुजलेले, पण आवाज ठणठणीत. त्यानं कॉफी मागवली आणि टेबलावर मूठ आपटली.

"ज्याला पोरांना एवढंसुद्धा शिकवता येत नाही," तो म्हणाला, "की खुर्च्यांच्या आवाजाकडे लक्ष देऊ नका, तो कोच कसला?"

"मुद्दा आहे," मार्लीन म्हणाली.

"मूलभूत प्रशिक्षणाचा अभाव," मी म्हणालो.

"पुढच्या मोसमात त्याला सोडायचा नाही," डेल म्हणाला. "पहिल्याच सामन्याला. मी विचार केलाय." आणि तो पुढे झुकून आम्हाला सांगू लागला.

जूनमध्ये कॉलेजनं लॉकरिजचा करार वाढवला आणि त्यानं सहायक कोच म्हणून कोल्बी केसिंजरला घेतलं.