बिनकारणाचं आवतन

"पण कावून?" सिद्धेश्वरअप्पांनी तिसऱ्यांदा विचारलं, आणि जगदेवीनं तिसऱ्यांदा तेच उत्तर दिलं.

"सहज."

"सहज म्हंजे? जावळ हाय? वाढदिवस हाय? काय नवसबिवस बोलली व्हतीस का?"

"न्हाई. शनवारी संध्याकाळी तिघीजणी गच्चीवर येतेत, बसतेत, खातेत, जातेत. बास."

साखर मोजणारा अप्पांचा हात तराजूवरच थांबला. घाटनांदूरच्या बाजारात त्यांचं किराणा दुकान, दुकानामागं घर आणि घरावर गच्ची. त्या गच्चीवर पापड वाळले होते, मिरच्या वाळल्या होत्या, लेकीच्या लग्नात आचाऱ्यांची चूलही पेटली होती. सहज असं तिथं काही घडलं नव्हतं. माणूस दुसऱ्याच्या घरी जेवायला जातो तो कुणी जन्मलं म्हणून, कुणाचं जमलं म्हणून, नाहीतर कुणी गेलं म्हणून. यातलं काही झालेलं नसताना आवतन द्यायचं म्हणजे लोकांना उगाच संशयात पाडायचं.

"बरं, सैपाक काय करणार?"

"सैपाक न्हाईच. हातात घिऊन खायचं. धपाट्याचे तुकडे, कोथिंबिरीच्या वड्या, शेंगदाणे-खारोड्या, कैरीच्या फोडी, कलिंगड. ताट न्हाई, वाटी न्हाई."

"आन वाढायचं कुणी?"

"कुणीच न्हाई. परात मधी ठिवायची. ज्यानं त्यानं घ्यायचं."

"लोक शेण घालतेल तोंडात," अप्पा म्हणाले. साखरेचं माप कमी पडलं, ते त्यांनी गिऱ्हाईक बघतंय म्हणून पुरं केलं.

जगदेवीला हे सुचलं होतं लातूरला, लेकीकडं. रुद्राणीच्या इमारतीतल्या बाया एका संध्याकाळी गच्चीवर गोल करून बसल्या, मधे परात. कुणी कुणाला वाढलं नाही, म्हणून कुणी मागं राहिलं नाही. रुद्राणी सगळ्यांबरोबर खात होती, बोलत होती, तोंडात घास असताना हसत होती. जगदेवीला आधी बरं वाटलं. परतीच्या गाडीत राग आला. या घरात तिनं किती पंगती वाढल्या याला गणती नव्हती. ती स्वतः पंगतीला बसली होती ती एकदाच, लग्नात, नवऱ्याशेजारी. आणि तेव्हाही शालू सांभाळता सांभाळता अर्धं ताट तसंच राहिलं होतं. पुढच्या सगळ्या वर्षांत तिनं जे खाल्लं ते स्वयंपाकघरात, पातेल्याच्या बुडाशी जे राहिलं त्यातलं. "वैनीच्या हाताला लई चव हाय," असं सगळं गाव म्हणायचं. ती चव गरम असताना कशी लागते, हे वैनीला ऐकूनच माहीत होतं.

दोन दिवस अप्पांनी कळ काढली. पण दुकानदाराला गप्प बसता येत नाही. समोरच्या मोबाईलच्या दुकानाचा मालक बजरंग काडेपेटी घ्यायला आला आणि म्हणाला, "अप्पा, भामाबाईला आवतन हाय म्हनं तुमच्याकडं. काय कार्यक्रम?"

'सहज' म्हणायचं अप्पांच्या जिवावर आलं. ते खोकले. गल्ल्याकडं बघत म्हणाले, "एकसष्टी हाय माझी."

अप्पांचं वय अठ्ठावन्न होतं.

शनिवारी जगदेवीनं दुपारीच गच्चीवर पाणी मारलं, ऊन उतरल्यावर सतरंजी टाकली आणि मधे परात ठेवली. अंगणवाडीतून निवृत्त झालेली भामाबाई आली, ब्लाउज शिवणारी सत्यभामा आली, शेजारची शिवकन्या भिंतीवरूनच आली.

"म्या पदर खोचूनच आले बाई," भामाबाई म्हणाली. "म्हनलं, वाढू लागावं लागल."

"सोड तो पदर. बस."

"पण कार्यक्रम काय हाय गं?"

"तू आलीस, हाच कार्यक्रम."

भामाबाई इतकी हसली की शिवकन्याला ठसका लागला. जगदेवीनं धपाट्याचा तुकडा उचलला. तो गरम होता. तो तोंडाशी नेला, तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या.

पुढं बजरंग होता. त्याच्यामागं दहा-बारा माणसं, आणि त्यांच्या डोक्यांवरून येणारा फ्लेक्स. गावातल्या प्रत्येक सत्काराचा बजरंग हा कायमचा मालक होता. सत्काराला माणूस तेवढा बदलून मिळायचा. फ्लेक्सवर अप्पांचा काळ्या केसांतला फोटो होता आणि खाली शुभेच्छा देणाऱ्यांचे फोटो, अप्पांपेक्षा मोठे. बजरंगनं पाण्याच्या टाकीवर चढून तो बांधला. बाकीची माणसं कठड्याच्या कडेनं ओळीत मांडी घालून बसली. कुणी बसा म्हणालं नव्हतं. मागून अप्पा आले, इस्त्रीच्या सदऱ्यात.

"कुणाची एकसष्टी?" जगदेवीनं फ्लेक्स वाचून विचारलं.

अप्पा तिच्यापाशी वाकले. "आता गप ऱ्हा. इज्जतीचा सवाल हाय."

"कुणाच्या?"

याला उत्तर द्यायच्या आत त्यांच्या अंगावर शाल पडली आणि हातात नारळ आला. बजरंग बोलायला उभा राहिला. "आपल्या अप्पांनी या गावासाठी..." म्हणून तो थांबला. अप्पांनी गावासाठी काय केलं हे त्यालाही आठवेना. "...वजनात कंदी मारलं न्हाई," त्यानं वाक्य पुरं केलं. टाळ्या पडल्या. "आन त्यांच्यामागं वैनींचा मोठा हात हाय. वैनी, या, तुमी बी फोटूत हुभ्या ऱ्हावा."

जगदेवी उठली नाही. फोटो तिच्याशिवाय निघाला.

"चला, येऊ द्या मग," ओळीतून आवाज आला. माणसांनी समोरची फरशी हातानं झाडून घेतली, ताटासाठी.

भामाबाई सवयीनं उठली. जगदेवीनं तिचं लुगडं धरलं. "बस."

"अगं, मानसं बसलेत की!"

"मग आपण काय हुभ्या हाव का?" जगदेवी म्हणाली. मग ओळीकडं बघून मोठ्यानं, "परात हितं ठिवलीय. यायचं, हातानं घ्यायचं."

कुणी हललं नाही. मघाशी टाकीवर माकडासारखा चढलेला बजरंगही मांडी मोडेना. त्यांना भूक नव्हती असं नाही. उठून घेणं म्हणजे काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

"जगदेवी," अप्पा दबक्या आवाजात म्हणाले, "आजच्या दिवस."

"त्यो आजचा दिवस माझा व्हता, अवो. तुमी त्याला शाल घातली."

अप्पा परातीकडं आले. वाकून उचलणार, तोच ती म्हणाली, "थांबा." एका झाकणात तिनं धपाटे काढले, वड्या काढल्या, कैरी आणि कलिंगडाच्या फोडी काढल्या. चौघींना पुरेल एवढं. "आदी आमचं. आता न्या."

अप्पांनी नारळ खाली ठेवला, परात उचलली आणि ओळीपुढं जाऊन उभे राहिले. दोन्ही हातांत परात; वाढायला हातच नव्हता. शाल खांद्यावरून घसरत होती, ती ते हनुवटीनं धरू पाहत होते.

"खाली वाका की, अप्पा!"

"आग्रह करा, आग्रह! एकसष्टी तुमची हाय!"

"घे बे, लाजतो कावून?"

माणसं मूठमूठ उचलत होती. ओळीच्या टोकाला परातीत कैरीचं तिखट तेवढं उरलं.

अप्पा बायांच्या सतरंजीपाशी आले. "संपलं," ते म्हणाले. परातीत बघत म्हणाले, "मी काय खाऊ?"

"खाली दुपारचा भात हाय. ताक बी हाय."

अप्पा तसेच उभे राहिले. ती उठेल एवढा वेळ त्यांनी दिला. मग रिकामी परात घेऊन जिना उतरले. खाली झाकण पडल्याचा आवाज आला, फडताळ उघडल्याचा, पुन्हा झाकणाचा.

"वैनी," ओळीतून बजरंग म्हणाला, "अप्पांना गावना वाटतं."

"गावल."

सतरंजीखालची फरशी अजून कोमट होती. समोर पुरुषांची ओळ बसलेली होती, तोंडं हलवत, तिच्याकडं बघत. जगदेवीनं कलिंगडाची फोड घेतली आणि त्यांच्यासमोर दोन्ही पाय लांब केले.