मुंग्या लागलेली लादी

वाकिजान माडावरून पडला त्याला वर्ष होऊन गेलं, तरी पोनिराहला घरामागच्या माडांकडे बघवत नसे. नवऱ्याचा मोडलेला पाय जुळला, पण वाकडा जुळला. तेव्हापासून धाकटा दीर माडांवर चढून नीरा उतरवायचा आणि पोनिराह तिचा गूळ करायची. आता तो दीरही समुद्रापलीकडे कालिमंतानला कामाला निघाला होता.

"मग मीच चढेन," वाकिजान म्हणाला. "एक पाय तर धड आहे ना!"

"चढा की. मी खाली पाटी घेऊन उभी राहते, तुकडे गोळा करायला." एवढं बोलून ती चुलीकडे वळली आणि डोळ्यांतल्या पाण्याचं खापर तिने धुरावर फोडलं.

तिची सगळी भिस्त होती ती राडारोड्यावर. भूकंपात तडे गेलेली शाळा पाडली, तेव्हापासून तिचा ढीग मैदानात पडून होता. लाद्या पाडायला वाकिजानने तो फोडून खडी केली. जुन्या विटा पाणी फार पितात, म्हणून खडी आधी भिजवायची, मग सिमेंटात कालवायची आणि त्यात पिंजलेला काथ्या घालायचा. "काथ्या आतून धरून ठेवतो, लादीला तडा गेला तरी ती दुभंगत नाही," असं तो भेटेल त्याला ऐकवी. लोक मान डोलवत आणि पाठ वळली की हसत. वाडीचे प्रमुख पाक सुरातिन मात्र हसले नाहीत. "गटारावरची एक लादी करून दाखव," ते म्हणाले. "तिच्यावर तीन गडी उभे राहिले तर गल्लीभरच्या लाद्यांचं काम तुझं. नाहीतर शहरातून तयार आणू."

काथ्या स्वच्छ नसेल तर सिमेंट धरत नाही, हे पोनिराहने नवऱ्याच्याच तोंडून ऐकलं होतं. त्याने काथ्या धुऊन ठेवला होता, पण पुरुषांच्या धुण्यावर तिचा विश्वास नव्हता. तो खडी भिजवत होता तेवढ्यात तिने काथ्या गुपचूप गुळाच्या काहिलीत टाकला आणि त्याला एक सणसणीत उकळी दिली. तेवढाच आपलाही हातभार, असं तिला वाटलं.

लादी ओतल्यावर दोन दिवसांनी वाकिजानने साचा उघडला. बोट लावलं तर लादीत रुतलं. तिसऱ्या दिवशीही तेच. भिंतीवरचा कोयता आणि नीरेच्या बांबूच्या नळ्या त्याने काढल्या.

"डोकं चालवणं आपलं काम नाही, बुने," तो म्हणाला. मुलांची आई म्हणून तो तिला बुने म्हणे, आणि मुलांचा बाप म्हणून ती त्याला पाकने. "आपलं काम माडावर."

तो लंगडत गेला आणि पोनिराह त्या मेल्या लादीला लाथ घालायला अंगणात आली. पाय उचलला आणि तसाच राहिला. लादीवर मुंग्यांची रांग लागली होती.

काहील रोज घासायची नाही, ही सासूची शिस्त. बुडाला चिकटलेला गूळ दुसऱ्या दिवशीच्या नीरेत उतरतो, वाया जात नाही. या खेपेला तो काथ्यात उतरला होता.

ती धावत सुटली. वाकिजानने माडाच्या पहिल्या खाचेत पाय ठेवला होता.

"पाकने, थांबा! लादीला मुंग्या लागल्यात!"

"मुंग्या लागोत नाहीतर हत्ती."

"अहो, मी काथ्या उकळला होता. गुळाच्या काहिलीत."

त्याने वळून पाहिलं. "न घासता?"

"मी कधी घासते?"

आता हा भडकणार, म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली. वाकिजान माडाच्या बुंध्याशी मटकन बसला. "गोडाने सिमेंट आळत नाही," तो पुटपुटला. "म्हणजे माझा माल बरोबर होता?"

"बरोबर होता."

"माझं काही चुकलं नव्हतं?"

"नाही हो. चुकलं ते माझं."

त्याने तेच पुन्हा विचारलं आणि तिने पुन्हा तेच सांगितलं. तो माडावरून पडल्यापासून तिने त्याला इतकं आनंदलेलं पाहिलं नव्हतं. "तुझ्या हाताला गोडी आहे हे माहीत होतं," तो हसत म्हणाला, "पण सिमेंटलाही सोडली नाहीस!"

चारचौघांत तोंड न उघडणारी पोनिराह स्वतः पाक सुरातिनांकडे गेली, आपली चूक सांगितली आणि मुदत मागून आली. नवा काथ्या तिने विहिरीवर बोटांची सालं निघेपर्यंत धुतला. काहिलीला मात्र त्याचा वाराही लागू दिला नाही.

ही लादी आळली. ठरल्या दिवशी ती गटारावर टाकली, तीन गडी चढले आणि लादीने हूं की चूं केलं नाही. पाक सुरातिन वाकून खालून बघू लागले. तेवढ्यात वाकिजानला चेव चढला. तो चौथा म्हणून वर चढला आणि त्या वाकड्या पायावर चक्क उडी मारली.

सगळी गल्ली लादीकडे बघत होती. पोनिराहला फक्त तो पाय दिसत होता.

"पाकने! उतरा म्हणते ना खाली!" ती किंचाळली.

लादी जमिनीपासून वीतभरही उंच नव्हती. लोक पोट धरून हसले. वाकिजान हसला नाही. तो मुकाट्याने खाली उतरला आणि सगळ्यांदेखत त्याने तिचा हात धरला.

"उतरलो," तो म्हणाला. "आता नाही चढत."