लाखेचा हात

मित्रांनो, मी एक जुना ढोल आहे आणि खरे सांगायचे तर भित्रा आहे. एवढ्या दणदणीत आवाजाचा ढोल कशाला घाबरेल, असे तुम्हाला वाटेल. पण आवाज मोठा असतो त्याचे पोट रिकामे असते आणि रिकाम्या पोटात भीती फार घुमते.

माझा जन्म शिकागोच्या एका कारखान्यात झाला. मेपलच्या पातळ फळ्या वाफेवर मऊ करून वाकवल्या, सरसाने जोडल्या, दोन्ही तोंडांवर कातड्याची पाने ताणली आणि मालगाडीने मला विस्कॉन्सिनमधल्या एका तळ्याकाठच्या गावी धाडले. तिथे ‘हेरन’ नावाचे पथक होते. बिगुल, ताशे, झेंडे आणि ढोल घेऊन मुले उन्हाळाभर गावोगाव हिंडत आणि फुटबॉलच्या मैदानांवर रांगा आखत वाजवत. एकविसावे वर्ष सरले की पथक सुटे.

ज्याचा शेवटचा उन्हाळा असेल त्या ढोलवाल्याने माझे पान उतरवायचे आणि माझ्या पोटात, लाकडावर, आपले नाव लिहायचे, अशी तिथली रीत होती. खोक्यांवर पत्ते टाकायची तेलकट शाईची जाड लेखणी त्यासाठी ठेवलेली असे. पान पुन्हा चढले की बाहेरून काही दिसत नसे. नावे माझ्याजवळ राहत.

वेंडेल नावाच्या मुलाने मात्र एकोणिसाव्या वर्षीच नाव लिहिले. त्याला सैन्याचे बोलावणे आले होते. त्याची पंधरा वर्षांची बहीण लवर्न माझे पेच ढिले करायची किल्ली धरून शेजारी उभी होती. तिलाही ढोल वाजवायचा होता. पण त्या काळी पथकात मुलींना घेत नसत. त्यांनी डगल्यांची बटणे लावायची.

वेंडेल परत आला नाही. पुढच्या वसंतात पाने बदलायची वेळ झाली तेव्हा लवर्न किल्ली घेऊन आली आणि आत वाकून बराच वेळ बघत राहिली. त्यानंतर ती दर वर्षी आली.

माझ्या पोटात एकतीस नावे झाली. मग हलके, झगझगीत ढोल आले आणि माझी रवानगी कोठीत झाली. तिथे उंदीर होते. ते माझ्या कडेवर बसून दात घासत, आणि हे आत शिरले तर आधी कोणाचे नाव खातील, या धास्तीने मी कित्येक हिवाळे काढले. कोठीची देखभाल लवर्नकडेच होती. आता मुले तिला आजी म्हणत. ती येऊन सापळे लावी, धूळ पुसी आणि जाताना मला एक टिचकी मारी.

यंदा कॉलिन नावाचा नवा दिग्दर्शक आला. गावात पूर्वी एक चित्रकार बाई राहून गेल्या होत्या. त्यांनी जन्मभर एकच चित्र पुन्हा पुन्हा रंगवले: बर्फातले घर आणि त्याची एक उजळ खिडकी. कॉलिनने त्यावरून सगळा खेळ बसवला. सव्वाशे मुले राखाडी कपड्यांत, म्हणजे बर्फ. मध्यभागी एकच गोल खिडकी, ती मी. माझ्या तोंडाला आरपार दिसणारे पान, आत दिवा आणि पोट पांढरेशुभ्र.

“आत शाईचे डाग आहेत, आजी,” कॉलिन म्हणाला. “आधी लाखेचा एक हात द्या, मग पांढरा. नाहीतर डाग वर येतील.”

डाग! मित्रांनो, माझ्या कडा थंड पडल्या. मला ओरडायचे होते. पण ढोलाला कोणी मारल्याशिवाय बोलता येत नाही.

लवर्नने कुंचला घेतला. “वेंडेल, थोडा वेळ डोळे मीट रे,” ती हळूच म्हणाली आणि तिने पांढऱ्या रंगाचे तीन हात दिले. एकतीस नावे एकेक करून बुडाली. लाखेचा डबा कोपऱ्यात तसाच राहिला. म्हातारी विसरली, असे मला वाटले.

खेळ सुरू झाला तशी दुसरी भीती आली. मला वाजवायचे काम मारिसोल नावाच्या मुलीकडे होते. तिचा हा शेवटचा उन्हाळा होता. अकरा ठोके, प्रत्येक ठोक्यानंतर लांबलचक शांतता आणि शेवटी दिवा. त्या शांततेत लोक उठून जातील, याची मला धास्ती. प्रेक्षकांचे काही कळत नव्हते. एक बाई डोळे पुसत म्हणाली की तिला आईचे स्वयंपाकघर दिसले. त्याच वेळी तिच्या मागची अख्खी रांग भाजलेले सॉसेज आणायला उठली. फोनवर चाहत्यांनी रकानेच्या रकाने लिहिले. कोणी म्हणे अप्रतिम, कोणी म्हणे झोप आली.

सर्वांत जास्त चिडला तो क्लेटन. हा माझाच एके काळचा वादक, पथकाचा जुना डगला घालून दर खेळाला मैदानाच्या बरोबर मध्यासमोर, वरच्या बाकावर बसणारा. त्याने लवर्नला गाठून विचारले, “अगं लवर्न, तुमची पोरं वाजवणार कधी? का अजून रंग वाळायचाय?”

“तुझं डोकं वाळलंय तेवढं पुरे,” लवर्न म्हणाली.

जुलैचा उकाडा वाढला आणि माझ्या पोटात काहीतरी होऊ लागले. पांढऱ्यातून आधी पिवळट, मग जांभळट रेघा वर येऊ लागल्या. तेलकट शाई रंगाखाली निजली नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी पुरता गारठलो. आता खेळ बिघडणार आणि बोल मारिसोलला लागणार.

तिच्या लक्षात आलेच. “आजी, आत काहीतरी लिहिलंय.”

“हो का? माझा चष्मा गाडीत राहिला,” लवर्न म्हणाली. चष्मा तिच्या डोळ्यांवर होता.

कॉलिनने ते पाहिले नेमके आमच्याच गावचा खेळ होता त्या दिवशी दुपारी. तो म्हणाला की आज वेळ नाही, उद्या सकाळी पान उतरवून पुन्हा रंगवू आणि या वेळी लाख मी स्वतः लावीन. म्हणजे नावांना एक संध्याकाळ उरली होती.

खेळाआधी आमची मुले बसगाड्यांमागच्या मोकळ्या जागेत सराव करतात आणि चाहते अगदी हाताच्या अंतरावर येऊन ऐकतात. त्या दिवशीही गर्दी जमली. क्लेटन हाताची घडी घालून पुढे उभा होता. मारिसोलने मला घडवंचीवर ठेवले आणि दिवा लागतो का ते पाहिले.

क्लेटन काही टोमणा मारणार होता. पण दिव्यात आतली अक्षरे उजळली होती. तो गुडघ्यावर हात टेकून वाकला.

“हे गचाळ अक्षर माझं आहे,” तो म्हणाला. मग अगदी खालच्या आवाजात: “अगं, वेंडेल पण आहे इथे.”

“तो कुठे जाणार?” लवर्न म्हणाली.

क्लेटनने जाऊन बाकीच्यांना आणले. पांढऱ्या केसांची माणसे एकमेकांचे खांदे धरून वाकत होती, बोटाने पानावर नावे दाखवत होती. कॉलिन जरा दूर उभा होता. “मला वाटलं, लेखणी चालते का ते कोणीतरी बघत होतं,” तो मारिसोलला म्हणाला.

मग मैदान. अकरा ठोके पडले, दिवा लागला आणि सगळे थांबले. कोणी टाळी वाजवेना. मित्रांनो, ढोलाला मार लागत नाही, शांतता लागते. तेवढ्यात वर, मध्यावर, क्लेटन उठून उभा राहिला आणि त्याने टोपी काढली. त्याच्या आजूबाजूचे उठले, मग पलीकडचे. टाळ्या फार उशिरा आल्या. दोघे मात्र तेव्हाही सॉसेज आणायला गेलेच.

सकाळी कॉलिन लाखेचा डबा घेऊन आला. पान उतरले. मी वाट पाहत राहिलो. लवर्नने झाकणाखाली पेचकस घातला, तेव्हा कॉलिनला दिसले की डब्याचे तोंड आजवर उघडलेलेच नव्हते. त्याने डब्याकडे पाहिले, मग तिच्याकडे. ती किल्ली पुसत होती. त्याने कुंचला बुडवला आणि वर आलेल्या नावांवरून, फिक्या चहासारख्या रंगाच्या त्या पारदर्शक लाखेचा एक सावकाश हात फिरवला. पांढऱ्या रंगाचा डबा त्याने आणलाच नव्हता.

ऑगस्टात मारिसोलने लाखेवर आपले नाव लिहिले. बत्तिसावे. मग लेखणी लवर्नपुढे धरली.

“मी कुठे वाजवलाय?” लवर्न म्हणाली. “नुसती किल्ली धरली.”

“सत्तावन्न वर्षं धरली, आजी.”

“पुढच्या वर्षी बघू.”

आता बाहेर बर्फ आहे. कोठीत सापळे लावलेले आहेत आणि उंदरांचे मला काही वाटत नाही. माझी भीती वेगळी आहे. लवर्न बहात्तर वर्षांची आहे, कोठीच्या पायऱ्या निसरड्या आहेत आणि वेंडेलच्या नावाखालची जागा अजून कोरी आहे. म्हणून सांगतो मित्रांनो, तुमच्याकडेही अशी किल्ली धरून उभे राहिलेले कोणी असेल. त्यांच्या ‘पुढच्या वर्षी’वर विसंबू नका. लेखणी आजच त्यांच्या हातात द्या, आणि त्यांचे लिहून होईपर्यंत तिथून हलू नका.